वाल्देसार्साची हरकत

कासिल्दानं दारामागच्या खिळ्यावरची काठी उचलली आणि तडक शेगडीकडे निघाली. शेगडीचं लोखंडी दार उघडून काठीचं टोक तिनं निखाऱ्यांत खुपसलंच असतं, पण ओनोरियोनं मागून तिचं मनगट धरलं.

“डोकं फिरलं का तुझं? पणजोबांच्याही आधीची काठी आहे ती.”

“मग पणजोबांनीच उठून यावं आणि त्याला जेवू घालावं.”

“हळू बोल. बाहेर ऐकू जातंय.”

“जाऊ दे की. अजून उंबऱ्याच्या बाहेरच आहे ना तो? मग मी काय वाट्टेल ते बोलेन.”

तो दाराबाहेर पायरीवर उभा होता. शहरी बूट मोज्यांपर्यंत भिजलेले, खांद्यांवर बर्फ, आणि कागदांची बॅग छातीशी धरलेली. गावाच्या तोंडाशी, जुन्या धुण्याच्या हौदापाशी त्याची गाडी चरात कलंडली होती. दुपारपासून बर्फ पडायचा थांबला नव्हता आणि घाटातला रस्ता केव्हाच बंद झाला होता. ज्याचं नाव वाल्देसार्सात महिनाभर कोणी शिवी जोडल्याशिवाय घेतलं नव्हतं, तो गोन्सालो आर्बेलोआ आता रात्रीपुरता गावातच अडकला होता. आणि काठी नेमकी कासिल्दाच्या घरी होती.

वाल्देसार्सात खानावळ कधीच नव्हती, होती ती ही काठी. ती घरोघर फिरायची. ज्या घरात काठी, त्या घरानं आल्यागेल्याला अंथरूण आणि गरम जेवण द्यायचं, आणि तो गेला की काठी शेजारच्या घरी पोचवायची. पूर्वी कल्हईवाले यायचे, लोकर पिंजणारे यायचे, भिकारी यायचे. यादवीच्या वर्षांत दोन्ही बाजूंचे सैनिक याच काठीवर जेवून गेले. हल्ली यायचे ते रानात अळंबी शोधताना वाट चुकलेले, नाहीतर फोनमधल्या नकाशानं शेळ्यांच्या पायवाटेवर आणून सोडलेले. माणूस कोणीही असो, त्यानं एकदा उंबरा ओलांडला की तो अख्ख्या गावाचा पाहुणा. मग त्याला कोणी वाकडा शब्द बोलायचा नाही, तोंडावर नाही आणि पाठीमागेही नाही. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी घरंसुद्धा हा नियम पाळत आली होती.

नाताळच्या सुमारास प्रांताच्या कचेरीकडून एक गुळगुळीत पुस्तिका आली होती, ‘आपल्या पालिकांची ओळख’. प्रत्येक पालिकेला एक पान, वाल्देसार्साला अर्धं. ओनोरियो गावचा सरपंच, आणि कानानं अधू असल्यामुळे तो सगळंच ओरडून वाचतो. त्यामुळे ते अर्धं पान एका वाचनात गावाला पाठ झालं. क्षेत्रफळ अफाट, वस्ती नगण्य. शाळा नाही. दुकान नाही. मुक्कामाची सोय नाही. सामुदायिक जीवन शिल्लक नाही. आणि खाली शिफारस, की ही पालिका मोडून कास्त्रोमेदिना शहराला जोडावी. लिहिणाऱ्याचं नाव ठळक छापलं होतं. तोवर त्या माणसानं गावात पाऊलही टाकलेलं नव्हतं.

शाळा नाही हे खरं. दुकान नाही हेही खरं. पाववाल्याची गाडी येते आणि दाराला टांगलेल्या पिशवीत पाव टाकून जाते. वस्ती नऊ माणसांची, आणि त्यात पन्नाशीचा एवेलियो म्हणजे गावातला पोरगा. यातलं काहीच कासिल्दाला झोंबलं नव्हतं. झोंबलं ते शेवटचं वाक्य. शिल्लक नाही! दुधाचं पातेलं बोटानं निपटून बघावं तसं या माणसानं गाव निपटून बघितलं होतं, तेही कचेरीतल्या खुर्चीवर बसून.

पालिका मोडली तर काय होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बर्फ काढणारं यंत्र कास्त्रोमेदिनाच्या शेवटच्या घरापासूनच मागे फिरणार. एक गुरुवार सोडून येणारी डॉक्टरीण यायची बंद होणार. आणि सारागोसाहून तिचा मुलगा राऊल गाडी घेऊन येणार. त्यानं स्पष्टच सांगितलं होतं, “आई, रस्ता मोकळा आहे तोवर खुशाल राहा. ज्या हिवाळ्यात तो मोकळा होणार नाही, त्या हिवाळ्यात मी तुला उचलून आणीन.” सातव्या मजल्यावर तिच्यासाठी खोलीही तयार होती. त्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं उरलेलं आयुष्य ती खिडकी बघत काढावं, असं त्या अर्ध्या पानानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

“घरात आजारपण असेल तर काठी पुढच्या घरी देता येते,” ओनोरियो म्हणाला.

“मग आहे मी आजारी.”

“कशानं?”

“हा आल्यानं.”

शेगडीजवळ बसलेली बासिलिसा आत्या फिसकन हसली. नव्वदीच्या घरातली ही बाई. तिला सख्खा भाचा एकही नव्हता, पण सगळं गाव तिला आत्याच म्हणायचं.

“गाडीतच झोपू दे त्याला,” ती म्हणाली. “गाडीत गरम वारा सुटतो म्हणे. नाही सुटला तर सकाळी खणून काढू.”

मागच्या दारानं एवेलियो बूट आपटत आत आला. गाडी ओढून काढायचा प्रयत्न करून तो दमला होता.

“आज काही ती निघत नाही,” तो म्हणाला. “पण मला सांगा, उद्या सकाळी सभा आहे. हा आत आला, जेवला, की उद्या याला बोलायचं कसं?”

सभेची तयारी गाव पंधरवडाभर करत होतं. वाल्देसार्सा इतकं लहान की तिथे निवडून दिलेले सदस्य नाहीत. घंटा वाजली की सगळे जमतात, आणि जमतात तीच पालिका. त्या सभेत येऊन हा माणूस गावाच्या हरकती ऐकणार होता आणि लिहून घेणार होता. कोण काय बोलणार, हे वाटून झालं होतं. शिव्यांचं खातं बासिलिसा आत्याकडे होतं.

“सभेतलं बोलणं वेगळं धरू या,” ओनोरियो चाचरत म्हणाला. “सभा वेगळी, जेवण वेगळं.”

“कुठे वेगळं?” आत्या म्हणाली. “आपल्या सोयीनं वाकवायचा तर तो नियम कसला? तोंडाला कुलूप म्हणजे कुलूप.”

तेवढ्यात दारावर टकटक झाली. “माफ करा,” बाहेरून आवाज आला. “एखादं कांबळं मिळालं तर मी गाडीतच झोपेन. तुम्हाला त्रास नको.”

कासिल्दा काठी हातात धरून उभी राहिली. कांबळं फेकून त्याला वाटेला लावणं अगदी सोपं होतं, आणि त्यानंच मागितल्यावर तिला कोणी नावंही ठेवली नसती. पण मग पुस्तिकेतलं ते शेवटचं वाक्य तिनं स्वतःच्या हातानं खरं केलं असतं. एवढं समाधान ती त्याला मेली तरी देणार नव्हती. तिनं काठी परत खिळ्याला अडकवली, ती इतक्या जोरात की भिंतीचा पोपडा खाली आला. मग दार उघडलं.

“या, साहेब. पाय पुसून आत या.”

बाकीचे मागच्या दारानं एकेक करून निघून गेले. जाताना प्रत्येकानं पाहुण्याला मान लववून शुभरात्र म्हटलं. आत्याला ते म्हणताना फार कष्ट पडले.

गोन्सालो शेगडीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसायला गेला.

“त्या खुर्चीत नको,” कासिल्दा म्हणाली. “इकडे बाकावर बसा.”

“का? इथे ऊब आहे.”

“मोडकी आहे ती.”

खुर्ची धडधाकट होती. गेल्या फेब्रुवारीत शेजारची एलादिया त्याच खुर्चीत बसल्या बसल्या गेली होती. तिला दम लागला तेव्हा बाहेर असाच बर्फ होता. यंत्र पाठवा म्हणून ओनोरियोनं फोन केला, कासिल्दानं केला, एवेलियोनं केला. कचेरीतून दर वेळी सांगायचे, निघालंय, पोचेलच. रुग्णवाहिका घाटाच्या पायथ्याशी अडकून पडली. एवेलियोनं ट्रॅक्टरला फळी बांधून बर्फ लोटायला सुरुवात केली, तो अर्ध्या वाटेवर रुतला. पलंगावर आडवं झालं की एलादियाचा श्वास कोंडायचा, म्हणून कासिल्दानं तिला खुर्चीत बसवलं आणि रात्रभर पाठीला हात देऊन उभी राहिली. यंत्र आलं ते तिला पुरायच्या दिवशी. शवपेटी नेण्यापुरता रस्ता त्यानं चांगला साफ करून दिला.

हे सगळं कासिल्दाच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि सुपाचं भांडं पाहुण्याच्या पुढ्यात आदळलं. लसूण, शिळा पाव, लाल मिरचीची पूड आणि वर फोडलेलं अंडं. भांडं इतकं काठोकाठ भरलेलं की चमचा बुडवला तरी सांडावं.

“तुम्ही फारच…”

“खा. गार होईल.”

तो भुकेला होता. निम्मं भांडं संपवल्यावर त्यानं मान वर केली. “खरं सांगू, कासिल्दाबाई? मला वाटलं होतं, इथे मला कोणी दारात उभं करणार नाही. गेल्या महिन्यात एका गावात माझ्या चारी चाकांची हवा सोडली होती.”

“कुठल्या गावात?” तिनं इतक्या आस्थेनं विचारलं की तो जरा दचकला.

त्यानं नाव सांगितलं. कासिल्दानं ते ध्यानात ठेवलं आणि त्याला आणखी पाव कापून दिला.

“लोकांना वाटतं, माझं त्यांच्याशी वैर आहे,” तो म्हणाला. “माझ्यापुढे नुसता तक्ता असतो. रकाने वरून ठरून येतात. मुक्कामाची सोय म्हणजे नोंदणी केलेलं हॉटेल. सामुदायिक जीवन म्हणजे नोंदणी केलेली मंडळं. तुमच्या गावात एकही मंडळ नाही.”

कासिल्दाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वसंतात पाटातला गाळ काढायला घरटी एक माणूस येतं, ते कुठल्या मंडळाचं? आत्याच्या दारात हिवाळ्याआधी लाकडं रचली जातात, ती कोण रचतं? आणि एलादियाच्या पाठीला जो हात होता, त्याची नोंदणी कोणाकडे करायची होती? ती उठली, शेगडीचं दार उघडलं आणि गरज नसताना दोन ओंडके आत कोंबले.

“तुम्हाला राग आला का?” गोन्सालोनं विचारलं.

“अंथरूण आतल्या खोलीत घातलंय,” ती म्हणाली. “पायाशी गरम वीट ठेवलीय. लाथ मारून पाडू नका, फुटेल.”

सकाळी आभाळ स्वच्छ होतं. ओनोरियोनं घंटा वाजवली आणि जुन्या शाळेच्या खोलीत सगळे जमले. पोरांसाठी केलेल्या बाकांवर ही म्हातारी माणसं गुडघे आवळून बसली. गोन्सालो मास्तरांच्या टेबलामागे उभा राहिला. दाढी केलेली, झोप छान झालेली, आणि कोटाला राऊलच्या लोकरी गादीचा एक पुंजका चिकटलेला. त्यानं शिफारस वाचून दाखवली. वाचताना तो एकदाही अडखळला नाही.

“कुणाची काही हरकत असेल तर आत्ता सांगावी,” तो म्हणाला. “आज नोंद झाली नाही तर पुढे विचार होणार नाही.”

बासिलिसा आत्याचा जबडा हलत होता, जणू तिच्या तोंडात खडीसाखरेचा खडा होता. एवेलियो भिंतीवरचा जुना नकाशा वाचत बसला. ओनोरियोनं खोकून घेतलं. मग सगळे कासिल्दाकडे बघायला लागले. पाहुणा तिच्या घरचा होता. तिनं तोंड उघडलं असतं तर बाकीच्यांनीही उघडलं असतं.

शब्द तिच्या जिभेवर तयार होते. रात्रभर तिनं ते पाठ केले होते. तिनं बाकाची कड धरली, आणि तिची नजर त्या कोटावरच्या लोकरीकडे गेली. या माणसानं तिच्या हातचं खाल्लं होतं. अजून तो गावात होता. तिनं ओठ इतके घट्ट मिटले की दुखायला लागले.

“कुणाचीच नाही?” गोन्सालोनं पुन्हा विचारलं. तो थांबला, एकेका चेहऱ्याकडे त्यानं पाहिलं, आणि त्याच्या खांद्यांवरचा ताण उतरला. “मग, हरकत नाही असं लिहितो.”

त्यानं लिहिलं.

“मी इतकी गावं फिरलो,” फाइल मिटत तो मनापासून म्हणाला, “पण एवढं समजूतदार गाव पाहिलं नाही.”

मग त्यानं खिशातून फोन काढला, कचेरीत कोणाशी तरी दोन वाक्यं बोलला, आणि आत्या घरी पोचून बूट काढते न काढते तोच घाटातून यंत्राची घरघर ऐकू आली. यंत्र आलं होतं. पिवळं, अवजड, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग टाकत ते थेट धुण्याच्या हौदापर्यंत आलं. चालवणारा मोइसेस खाली उतरला. कासिल्दा दारात उभी होती. तिला पाहून त्यानं टोपी काढली, पण नजर वर केली नाही.

“साहेबांसाठी फोन आला,” तो म्हणाला.

“फोन आम्हीही केले होते.”

“मला सांगतात तिथे मी जातो, कासिल्दा. तेव्हा सांगितलंच नव्हतं.”

“कळतंय मला. जा, गाडी काढ त्यांची.”

ती आत आली तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात सगळे जमलेले होते. बसायला कोणी तयार नव्हतं. एवेलियोनं टेबलावर मूठ आपटली.

“समजूतदार! आपणच आपल्या हातानं आपला गळा कापला आणि वर शाबासकी घेतली!”

“लेखी देऊ की,” ओनोरियो म्हणाला.

“पुढे विचार होणार नाही म्हणाला ना तो? कानात बोळे होते का तुमच्या?”

“माझ्या कानांचं काढू नकोस.”

काठीच्या घरानं पाहुण्याला वाटेसाठी शिदोरी बांधून द्यायची असते, आणि कासिल्दा ती बांधत होती. पाव, वाळवलेलं मांस, वडीसारखा घट्ट मुरंबा. या माणसाच्या गाडीत मुरंबा ठेवायचा आणि आपण सातव्या मजल्यावर जायचं, असं काहीतरी ती मनात म्हणत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते निव्वळ संतापाचं होतं.

“माझ्या बापाच्या वेळी असंच झालं होतं,” बासिलिसा आत्या म्हणाली. “ज्यानं आमची गाय चोरली तोच काठीच्या घरी जेवायला बसला. बापाला ठाऊक होतं. बापानं त्याला मिठाची वाटी पुढे केली, जेवण झालं का विचारलं, वाटेला लावलं. आणि मग दोन दात पाडले.”

कासिल्दाचे हात थांबले. “कुठे?”

“पुढचेच.”

“कुठे पाडले म्हणतेय मी. कुठल्या जागी?”

“खालच्या वळणावर. वेशीच्या दगडाच्या पलीकडे. पाहुणपण दगडापर्यंत असतं ना?”

फडक्याची गाठ कासिल्दानं करकचून आवळली. ती खिडकीशी गेली. हौदापाशी मोइसेस गाडीला साखळी बांधत होता आणि गोन्सालो काचेवरचा बर्फ खरवडत होता. अजून थोडा वेळ हातात होता.

“एवेलियो, ट्रॅक्टर काढ,” ती म्हणाली. “मागे ट्रॉली जोड. आत्याला बसायला खुर्ची घे.”

“कुठली खुर्ची?”

तिनं क्षणभर विचार केला. “स्वयंपाकघरातली कुठलीही घे. वेताची सोडून.”

शिदोरी तिनं स्वतः नेऊन गोन्सालोच्या हातात दिली, वाटेत हळू जा म्हणून सांगितलं, आणि त्यानं आभार मानले ते सगळे नीट ऐकून घेतले. मग ती ट्रॉलीत चढली. गावातली नऊच्या नऊ माणसं ट्रॉलीत आणि ट्रॅक्टरवर मावली. एकमेकांच्या खांद्याला धरून, साफ केलेल्या रस्त्यानं, ती घाटाच्या दिशेनं निघाली. गोन्सालोनं त्यांना हात हलवून निरोप दिला. त्याला वाटलं, गाव बाजाराला निघालंय.

दगड खालच्या वळणावर आहे, कमरेएवढा, एका बाजूनं शेवाळलेला. तो मागे टाकून जरा पुढे गेल्यावर एवेलियोनं ट्रॅक्टर रस्त्यात आडवा लावला. सगळे खाली उतरले. आत्याची खुर्ची मधोमध ठेवली आणि तिच्या पायांवर कांबळं टाकलं. थंडीनं नाकं लाल झाली होती.

थोड्या वेळानं यंत्र आलं आणि त्याच्यामागे गोन्सालोची गाडी. यंत्र दगडाच्या पुढे येऊन ट्रॅक्टरसमोर थांबलं. गाडीही दगड ओलांडून थांबली. गोन्सालो काच खाली करून बघत राहिला, मग उतरला.

“काय झालं? तुम्ही रस्ता अडवलाय.”

“गेल्या फेब्रुवारीत हा अडला होता, तेव्हा कचेरीत कुणालाच घाई नव्हती,” कासिल्दा म्हणाली. “आज आम्ही अडवलाय. फार वेळ नाही घेणार.”

तिचा आवाज ऐकून तो एक पाऊल मागे सरला. कालपासून हा आवाज त्यानं ऐकलेला नव्हता.

“सभा भरवायचीय,” ती म्हणाली.

“सभा झाली, कासिल्दाबाई. मी दोनदा विचारलं. कोणी एक शब्द बोललं नाही.”

“तेव्हा तुम्ही आमच्या घरचे पाहुणे होतात. पाहुण्याला कोण बोलतं?”

गोन्सालोनं मागे वळून रस्त्याकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, आणि ट्रॅक्टरसमोर ओळीनं उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं. काल रात्री यांच्यातल्याच काहींनी त्याला एकेक करून शुभरात्र म्हटलं होतं. आता त्यांच्यातला एकही चेहरा समजूतदार नव्हता.

“आणि आता?” त्यानं विचारलं.

“आता दगड मागे गेला.”

“पण सभा गावात व्हावी लागते. हे गाव नाही.”

“पालिकेची हद्द पार खाली नदीपर्यंत आहे,” ओनोरियो ओरडला. हे त्याला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. “क्षेत्रफळ अफाट, तुम्हीच लिहिलंय! सरपंच मी आहे. सभा सुरू झाली!”

मोइसेसनं यंत्र बंद केलं. एकदम इतकं शांत झालं की पाइनच्या फांदीवरून बर्फ घसरल्याचा आवाज आला. तो खाली उतरला, टोपी हातात घेऊन बाजूला उभा राहिला.

गोन्सालो गाडीकडे वळला. तो बसून निघून जाणार असं वाटून एवेलियोनं ट्रॅक्टरची किल्ली काढून खिशात टाकली. पण गोन्सालो मागच्या सीटवरून फाइल घेऊन परत आला. ती त्यानं गाडीच्या बॉनेटवर उघडली. हातमोजा काढला, पेन काढलं. सकाळी लिहिलेल्या ओळीवर पेन टेकवून तो बराच वेळ तसाच उभा राहिला, आणि मग त्यानं ती ओळ खोडली.

“कुणाची काही हरकत?” त्यानं विचारलं. या वेळी त्याचा आवाज जरा अडखळला.

“आहे!” बासिलिसा आत्या खुर्चीतून अर्धी उठली. “पहिली माझी. मी वयानं मोठी.”

“तू थांब, आत्या,” कासिल्दा म्हणाली. ती पुढे आली आणि बॉनेटच्या दुसऱ्या बाजूला, त्याच्या अगदी समोर उभी राहिली.

“पहिली हरकत एलादियाची,” ती म्हणाली. “ती आज इथे नाही. तिच्या वतीनं मी बोलतेय. लिहा.”